कबर दिसली पाहिजे

माझ्या साहेबाची खापरपणजी इंग्लंडमधल्या एका गरीबखान्यात जन्मली होती, आणि ही गोष्ट तो ऑफिसात येणाऱ्या कुणालाही चहा यायच्या आधी सांगून मोकळा होत असे. मला त्याची फार लाज वाटे. त्याला वाटत नव्हती, म्हणून मला वाटे.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. आमच्यात ज्याला विचाराल त्याचा पूर्वज अरबस्तानातून घोडे घेऊन आलेला असतो. त्या घोड्यांची लीद काढणारा मात्र कुणाचाच पूर्वज नसतो. मी बहरीनला नोकरीसाठी आलो तेव्हा या जुन्या नात्याचा मला थोडासा भरवसा होता. पण इथल्या अरबांनी काही मला ओळख दाखवली नाही. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने पासपोर्टवर शिक्का मारला, 'यल्ला' म्हणाला आणि मागच्याला पुढे बोलावलं. तरीही घोड्यांची गोष्ट मी सोडली नव्हती. आणि इथे हा गोरा माणूस, अदलिया भागातल्या ऑफिसच्या थंडगार खोलीत बसून, आपले पूर्वज भिकेला लागले होते असं आनंदाने सांगत होता.

ऑफिस लहानसं होतं. बंदरात लागणाऱ्या जहाजांना सामान पुरवायचं काम. साहेब, मी आणि एक मल्याळी ड्रायव्हर. टायपिंग, फायली, फॅक्स, कस्टममध्ये पळापळ हे सगळं माझ्याकडे. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, कॉम्प्युटर आला होता, पण साहेब खासगी पत्रं टाइपरायटरवरच करून घ्यायचा. ही खासगी पत्रं म्हणजे इंग्लंडमधल्या निरनिराळ्या दप्तरखान्यांना लिहिलेल्या विनंत्या. अमुक गावाच्या वर्कहाऊसच्या जुन्या वह्या पाहाव्यात, अमुक आडनावाची बाई दिसते का ते कळवावं. महिन्या दीड महिन्याने जाड पाकीट यायचं, त्यात वहीच्या पानाची झेरॉक्स. मग साहेब दार लोटून घ्यायचा आणि भिंग काढून बसायचा.

वर्कहाऊस, म्हणजे तो गरीबखाना, कसा असे ते मला त्यानेच समजावलं. ज्याला पोट भरता येत नाही त्याने तिथे जायचं. गेल्यावर अंगावरचे कपडे काढून घ्यायचे आणि तिथले द्यायचे. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, पोरं तिसरीकडे. दिवसभर दगड फोडायचे नाहीतर जहाजांचे जुने डांबरी दोर बोटांनी उकलत बसायचं. आलेल्या प्रत्येक माणसाची वहीत नोंद. नाव, वय, धंदा, धर्म, कुणी आणून सोडलं, नातलग कोण, आणि अगदी उजवीकडे शेवटचा रकाना, माणूस बाहेर कसा पडला याचा. स्वखुशीने गेला, पळून गेला, मेला.

"मी आधी शेवटचा रकाना वाचतो," साहेब म्हणायचा. "बाकीचं नंतर."

आई वारल्यावर बाबांना मी उम्म अल हस्समच्या फ्लॅटवर आणून ठेवलं होतं. पंचाहत्तरी उलटलेली, छातीत अधूनमधून कळ. नमाजाच्या वेळी खालच्या मशिदीत जात, बाकी वेळ खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहत. घरी गेल्यावर त्यांना सांगायला माझ्याकडे फारसं काही नसे, म्हणून एके दिवशी जेवताना साहेबाच्या खापरपणजीची गंमत सांगितली. बायको हसली. बाबा हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "त्या वहीत बाहेरची मानसा पन लिवत काय?"

"बाहेरची म्हणजे?"

"आपली. जहाजावरची."

हे माझ्या कधी डोक्यात आलंच नव्हतं.

माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, जहाजावर खलाशी होते. गोऱ्यांच्या आगबोटीवर आमच्या टापूतले पुष्कळ लोक असत. आजोबा शेवटच्या सफरीवर गेले तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. त्यांच्या खांद्यावर बसून आपण बंदरापर्यंत गेलो होतो, एवढंच बाबांना आठवे. चेहरा आठवत नसे. वर्षभराने जहाजाचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, गावी परतला. आजोबांची पत्र्याची पेटी त्याने ओट्यावर ठेवली. इंग्लंडच्या एका बंदरात त्यांना ताप भरला, तिथल्या इस्पितळात ठेवलाय, मागच्या जहाजाने येतील, असं सांगून तो गेला. पेटीत दोन लुंग्या, एक आरसा, अर्धा साबण आणि बाबांसाठी घेतलेली एक शिट्टी. ती शिट्टी बाबांनी फुटेपर्यंत वाजवली. मागची जहाजं आली, त्याच्या मागचीही आली.

आजी चाळीस वर्षं वाट पाहत राहिली. नवऱ्यामागे बाई इद्दत बसते, म्हणजे काही महिने घराबाहेर पडत नाही. आजी कधी बसली नाही. गळ्यातली काळी पोत तिने उतरवली नाही. आमच्या गावात मेला समजलेला एक माणूस स्वतःच्या चाळिसाव्याच्या दिवशी चालत घरी आला होता आणि स्वतःच्याच नावाचा पुलाव जेवला होता, तो दाखला ती येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवी. मरताना तिने बाबांकडून कबूल करून घेतलं होतं, "कागद आला तरी मानू नको. कबर दिसली पाहिजे. कबर दिसल्याबिगर त्यांच्या नावाची फातिहा वाचायची नाय."

बाबा दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या नमाजानंतर लोबान लावून फातिहा वाचत. घरातल्या मेलेल्यांची नावं एकामागून एक घेत. त्यांचे आजा, आजी, थोरले चाचा म्हणजे त्यांच्या बापाचे मोठे भाऊ, त्यांची आई, आणि आता माझी आई. त्या यादीत थोरल्या चाचांच्या नावानंतर एका जागी ते थांबून श्वास घेत. लहानपणी मला वाटे, त्यांना दम लागतो. मोठा झाल्यावर कळलं की तिथे त्यांच्या बापाचं नाव यायला हवं.

"मना एकदा ते नाव घेवचा हाय," त्या दिवशी जेवण तसंच ठेवून बाबा म्हणाले. "माजं दिवस किती राहिलेत? माज्यामागं तर कोन घेनार बी नाय. तू तरी घेशील काय?"

खरं सांगायचं तर मी नसतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी भीतभीतच साहेबापाशी विषय काढला. त्याला इतका आनंद झाला की मलाच चीड आली. लॉटरी लागल्यासारखा उठून उभा राहिला. त्या बंदरातल्या आजारी, बेवारशी खलाशांना पुष्कळदा वर्कहाऊसच्या दवाखान्यात टाकत, म्हणाला. जहाजाचं नाव बाबांना पाठ होतं, बंदराचंही. साल अंदाजाने काढलं. आजोबांचं पूर्ण नाव मी कागदावर लिहून दिलं, साहेबाने पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. माझ्या घरातल्या माणसाबद्दलचं पत्र टाइप करताना माझ्याकडून चार चुका झाल्या. एरवी एक होत नसे.

नाही, असं उत्तर आलं. मग पुढच्या मागच्या वर्षांच्या वह्या पाहायला सांगितल्या. नाही. मग इस्पितळाची वही. नाही. साहेब उन्हाळी सुट्टीत घरी गेला तेव्हा स्वतः त्या बंदराच्या गावी जाऊन दोन दिवस दप्तरखान्यात बसला. स्वतःची खापरपणजी बाजूला ठेवून माझ्या आजोबांना शोधत बसला. परत आला तो मान हलवतच. दर वेळी घरी जाऊन बाबांना 'नाही' सांगताना मला वाटे, ते खचतील. पण ते फक्त "बरा" म्हणत आणि खिडकीकडे वळत. मला त्यांचं कौतुक वाटे. केवढा सबर, असं मी बायकोला म्हणायचो.

सबर कसला! एका गुरुवारी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत मी त्यांना लुंगी घ्यायला बाब अल बहरीनच्या बाजारात घेऊन गेलो. गाडी लावायला जागा मिळत नव्हती, तीन फेऱ्या झाल्या होत्या, डोकं तापलं होतं. त्यात सकाळीच साहेब म्हणाला होता की आता थांबू या, त्या नावाचा माणूस तिथे आलाच नव्हता. मी बाबांना ते तसंच सांगून टाकलं.

बाबा समोरच्या गाडीकडेच पाहत होते. मग म्हणाले, "त्या नावानं कसा मिळंल?"

"म्हणजे?"

"त्या नावाचा मानूस जहाजावर नव्हताच. बा थोरल्या चाचांच्या नळीवर गेला व्हता."

नळी म्हणजे खलाशाचा दाखला. कुठल्या जहाजावर किती सफरी केल्या, वागणूक कशी, हे त्यावर लिहिलेलं असे, आणि तो कागद गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत ठेवत म्हणून त्यालाच नळी म्हणत. चांगल्या शेऱ्याची नळी असली तर काम मिळे, नाहीतर महिनोन् महिने मुंबईला पडून राहावं लागे. थोरल्या चाचांची नळी उत्तम होती, पण त्यांना मलेरियाने धरलं. चांगली नळी घरात पडून कुजू द्यायची? सारंगच म्हणाला, धाकट्याला पाठवा. गोऱ्याला कुठे तोंडं ओळखू येतात! आजोबा भावाच्या नावाने भरती झाले. तसं तेव्हा पुष्कळजण करत. बाहेर कुणी बोलायचं नाही एवढाच नियम होता, आणि तो नियम बाबांनी माझ्या साहेबासमोरही पाळला होता.

मी गाडी रस्त्यातच थांबवली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"एक वर्ष, बाबा! एक वर्ष मी पत्रं टाइप करतोय. तो बिचारा सुट्टी सोडून तिथे जाऊन बसला. एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"गोऱ्या साहेबाला सांगायचा, माजा बाप दुसऱ्याच्या नळीवर चढला? लबाडी केलान? तुजी नोकरी गेली आसती."

"अहो, सत्तर वर्षं झाली त्याला!"

"व्हिसा हाय तुजा त्याच्या हातात," बाबा म्हणाले. व्हिसा खरोखरच त्याच्या हातात होता.

मग लुंगी राहिलीच. गाडी एका बाजूला घेतली आणि बाबांनी उरलेलं सांगितलं, जे त्यांनी मला आयुष्यात सांगितलं नव्हतं. सारंग पेटी देऊन गेल्यानंतर काही महिन्यांनी नळीवरच्या पत्त्यावर एक कागद आला होता. सरकारी, इंग्रजीतला. पोस्टमनने तो शाळामास्तरांकडून वाचून घेतला. त्यात थोरल्या चाचांचं नाव होतं आणि ते विलायतेत मयत झाले असं लिहिलं होतं. थोरले चाचा तेव्हा ओट्यावर बसून जाळं विणत होते. पोस्टमन हसला, मास्तर हसले, "अरे, तू तर मेलास!" म्हणाले. चाचाही हसले. ते गेल्यावर चाचांनी कागद चुलीत टाकला, कारण त्यांना पोलिसांची भीती होती. आणि मग ते परसात जाऊन रडले.

"आजीला कळलं नाही?"

"कळला. सगळ्यांना कळला. पन आये बोलली, कागदात दिराचं नाव हाय. दीर ह्यो समोर बसलाय. मंग कागद खोटा. कागद खोटा तर मानूस जिता."

बाबा माझ्याकडे वळले. "तिच्याशी कोन वाद घालनार? तिचा खरा होता ना! कागद खोटाच व्हता."

मला तिथे पहिल्यांदा आजीचा तो हट्ट कळला. बिचारीला कागदावर का विश्वास नव्हता आणि कबरच का हवी होती, तेही कळलं. राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी बाबांचा हात धरला, तो त्यांनी थोडा वेळ धरू दिला.

शनिवारी साहेबाला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "माझ्या खापरपणजीच्या आईने तीन वर्कहाऊसमध्ये तीन नावं सांगितली आहेत. गरिबाला एका नावात भागत नाही." मग कागद पुढे सरकवला. मी थोरल्या चाचांचं नाव लिहिलं. हे असं सगळं घडत असताना त्या नावाचे खरे धनी आमच्या गावच्या कब्रस्तानात उंडीच्या झाडाखाली शांत पडले होते.

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. साहेबाने मला आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. टेबलावर झेरॉक्स होती. तिरप्या, घाईच्या अक्षरात थोरल्या चाचांचं नाव, अगदी ओळखू येईल असं. वय चाचांचं. धंदा खलाशी. धर्म मुसलमान. जहाजाच्या एजंटाने आणून सोडलं. नातलगाच्या रकान्यात 'कोणी नाही'. बाबांसाठी घेतलेली शिट्टी तेव्हा त्यांच्या पेटीत होती. शेवटच्या रकान्यात 'मृत', आणि त्याच्या पुढे निराळ्या शाईत दोन शब्द, जे मला लागले नाहीत.

"हे काय?" मी विचारलं.

साहेब खिडकीबाहेर पाहायला लागला. मग हळूहळू, ज्या आवाजात तो कधी बोलत नसे त्या आवाजात, त्याने सांगितलं. वर्कहाऊसमध्ये मेलेल्याचं प्रेत मागायला कुणी आलं नाही, तर कायद्याने ते डॉक्टरकी शिकवणाऱ्या शाळेला देता येत असे. विद्यार्थ्यांना शिकायला. ते दोन शब्द म्हणजे ती शाळा. त्याच्याही पूर्वजांपैकी एकाच्या पुढे तेच लिहिलं होतं. म्हणून तो शेवटचा रकाना आधी वाचायचा.

"मी तुला हे दाखवायला नको होतं का?" त्याने विचारलं.

मी झेरॉक्सची घडी केली, मग उघडली, मग पुन्हा केली. आमच्यात मेलेल्याचं नखसुद्धा कापत नाहीत. गुसल देताना, म्हणजे आंघोळ घालताना, पाणी कोमटच हवं, कारण मेलेल्याला चटका बसतो असं मानतात. मी संडासात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

घरी येताना उम्म अल हस्समच्या सिग्नलवर मी ठरवलं की सांगून टाकायचं. दुसऱ्या सिग्नलवर ठरवलं की सापडलंच नाही म्हणायचं. पण बाबा जिन्यातच उभे होते. मला पाहताच त्यांनी तोंडावरून ओळखलं की काहीतरी आलंय.

"गावला?"

"हो, बाबा."

ते तिथेच पायरीवर बसले. मी बाजूला बसून झेरॉक्स उघडली आणि नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ते त्या ओळीकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मी सांगितलं की तापाने गेले, दवाखान्यात गेले, फार दिवस हाल झाले नाहीत. हे शेवटचं माझ्या पदरचं.

"आन कबर?"

"आहे."

"कंय?"

"त्याच गावात. कब्रस्तान आहे मोठं."

"आपल्या मानसांनी गुसल दिला आसंल ना? किबल्याकडं तोंड केल्यानी आसंल?"

"दुसरे खलाशी होते ना तिथे," मी म्हणालो. "त्यांनी सगळं नीट केलं, तोंड मक्केकडेच ठेवलं."

एकदा खोटं बोलायला लागल्यावर ते किती सोपं जातं याचं मला आश्चर्य वाटलं. बाबा सुटल्यासारखे हसले. मला वाटलं, झालं, आता येत्या गुरुवारी नाव घेतील आणि हा विषय मिटेल. खलास. पण गुरुवारी लोबान लावला, नावं घेतली आणि थोरल्या चाचांनंतर ते नेहमीसारखेच श्वास घेऊन पुढे गेले.

"बाबा, नाव घेतलं नाहीत?"

"अरे, ह्यो बी कागदच ना?" ते म्हणाले. "आन त्यावर नाव बी चाचांचाच. आयेनं काय सांगितलान? कबर दिसली पाहिजे."

त्याच वर्षी साहेब निवृत्त झाला. निघण्याआधी निरोप घ्यायला तो आमच्या घरी आला. बायकोने सांदणं केली होती. तो मांडी घालता येत नसतानाही खाली बसला आणि बाबांना सलाम केला. वीसेक वर्षं आखातात काढलेली, अरबी बऱ्यापैकी येई, हिंदी मोडकंतोडकं. बाबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडे न पाहता हिंदीत म्हणाले, "साब, एक फोटो. मेरे बाप की कबर का. बस एक फोटो. मैं मरने से पहले देखूँगा."

मी भाषांतर करायच्या आत साहेबाला कळलं होतं. फोटो हा शब्द तर त्याचाच, आणि कबर अरबीतही कबरच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय खोटं सांगितलं होतं ते त्याला त्या क्षणी समजलं, आणि त्याला समजलं हे मलाही समजलं. मी मान खाली घातली. सांदणाच्या ताटलीकडे पाहत राहिलो.

"इंशाल्ला," साहेब म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

त्यानंतर बाबा रोज विचारत, पाकीट आलं काय. नव्या साहेबाला खासगी पत्रांची आवड नव्हती, तरी मी ऑफिसची टपाल पेटी दिवसातून दोनदा उघडायचो. मनातून मात्र पाकीट येऊ नये असंच वाटायचं. बाबांना मधे एकदा इस्पितळात ठेवावं लागलं. तिथेही शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तोच. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलं आहे, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका.

पाकीट आलं ते बुधवारी. मी ते ऑफिसातच फोडलं. साहेबाचं पत्र हाताने लिहिलेलं होतं. तो त्या बंदराच्या गावी जाऊन आला होता, त्या वैद्यकीय शाळेत जाऊन विचारून आला होता. काम झाल्यावर उरलेलं सगळं गावच्या स्मशानभूमीत पुरत असत, बऱ्याच जणांचं एकत्र. पण त्या वर्षांची वही सापडत नाही. कुठे पुरलं ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मुसलमान खलाशांसाठी राखलेल्या कोपऱ्यात तो उभा राहिला आणि तिथला एक फोटो काढला. शेवटी त्याने लिहिलं होतं, "तुझ्या वडिलांना काय सांगायचं ते तू ठरव. मी परतीच्या गाडीत विचार करत होतो, मला ठरवता आलं नाही."

फोटोत गवत होतं. हिरवंगार, ओलं गवत, मागे विटांची भिंत आणि भिंतीला लागून एक झुडूप. दगड नाही, उंचवटा नाही, काही नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाबा अंघोळ करून, धुतलेली लुंगी नेसून बसले. बायकोने लोबान पेटवला. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"किती हिरवा हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "कंची?"

"काय?"

"ह्यातली बाची कबर कंची?"

मला पळून जावंसं वाटलं. बायको लोबानदान हातात धरून माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं ठाऊक होतं. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. बाबा वाट पाहत होते. मी हात पुढे केला आणि झुडपाच्या थोडं अलीकडे, गवतावर, कुठेतरी बोट ठेवलं.

"ही."

बाबांनी माझं बोट उचलून बाजूला केलं आणि तिथे स्वतःचा अंगठा ठेवला. मग त्यांनी डोळे मिटले आणि वाचायला सुरुवात केली. आजा. आजी. थोरले चाचा. मी त्या श्वासाची वाट पाहत होतो. या वेळी ते थांबले नाहीत. त्या जागी त्यांनी माझ्या आजोबांचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, त्यांचं स्वतःचं नाव, जे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. मग आपल्या आईचं. मग माझ्या आईचं.

त्यांनी दोन्ही हात उचलले, मीही उचलले. "आमीन म्हन," ते म्हणाले, आणि मी म्हणालो.

चेहऱ्यावरून हात फिरवून झाल्यावर त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. अंगठा पुन्हा त्या जागेवर गेला होता.

"आता आये पोत उतरवंल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जागा बरोबर दाखवलास ना रे? चुकलास तर नाय?"

"नाही, बाबा. हीच."